वाचक विचारतात : साप गळ्यात घालायला मिळेल का?

आषाढ लागला की या सदराच्या टपालाचा रंग बदलतो. उन्हाळाभर वाळवी आणि मधमाश्यांची पोळी, पहिल्या पावसानंतर नुसते साप. यंदा निम्मी पत्रं आमच्या केंद्राबद्दल आहेत. नव्या वाचकांसाठी थोडक्यात : सांगली जिल्ह्यात एका जुन्या बेदाणा शेडमध्ये काही मंडळी वन विभागाच्या परवानगीने जखमी साप, घोरपडी, कासवं यांच्यावर उपचार करतात आणि पुढच्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना सापांची ओळख करून देतात. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून त्या पुढच्या खोलीचा ताबा माझ्याकडे आहे. पत्ता इथे छापत नाही. तो छापला की लोक रात्रीतून फाटकापाशी बरण्या आणि पोती ठेवून पसार होतात आणि सकाळी आत काय निघेल याचा नेम नसतो. यायचं असेल त्यांनी संपादकांना कळवावं, फोन नंबर मिळेल.

प्रश्न : नमस्कार बाई. मी तुमची जुनी विद्यार्थिनी. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. दोघांना केंद्र दाखवायचं आहे. मोबाईलवर बघितलं, अशा ठिकाणी साप हातात देतात, गळ्यातही घालतात. आपल्याकडे मिळेल का? तिकीट किती? आणि धाकटीला कायमची भीती बसणार नाही ना? (विटा)

नाही मिळणार. आणि जिथे मिळतो तिथून मुलांना घेऊन सरळ बाहेर पडावं, असं माझं मत आहे.

कायद्याचं आधी सांगते, कारण ते चटकन संपतं. आपल्याकडचे रानटी साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पाळणं, खेळवणं, लोकांना दाखवून पैसे घेणं, काहीच चालत नाही. जिवंत प्राणी लोकांना दाखवायचे तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. आमच्याकडे परवानगी आहे ती उपचाराची. म्हणून मागच्या खोलीत, जिथे पेशंट असतात, तिथे पाहुण्यांना प्रवेश नाही. अगदी ओळखीच्या पाहुण्यांनासुद्धा नाही. जिवंत नाग, घोणस काचेपलीकडून नीट बघायचीच असेल तर पुण्याला कात्रजला जा. तिथलं सर्पोद्यान नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ साली उभं राहिलं. एक दिवसाची सहल होते.

आता खरं कारण. तुझा मुलगा इथे एका सापाला हात लावून घरी गेला, तर तो काय शिकून जाईल? साप उचलता येतो, एवढंच. मग पंधरा दिवसांनी मामाच्या रानात त्याला बांधावर एक जाडसर, ठिपक्यांचं, आखूड जनावर दिसेल. ते डुरक्या घोणस असेल तर काही बिघडत नाही, तो बिनविषारी. पण ते खऱ्या घोणशीचं पिल्लू असेल तर? पिल्लाच्या दातांत जन्मल्या दिवसापासून विष असतं. हा फरक भल्याभल्यांना घाईत कळत नाही, नऊ वर्षांच्या मुलाला कुठला कळणार?

सापाच्या बाजूनेही बघ. गळ्यात घातलेला साप शांत दिसतो, तो लळा लागल्यामुळे नव्हे. पडू नये म्हणून तो धरून राहतो, किंवा घाबरून थिजलेला असतो. सापाच्या चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, म्हणून आपण आपल्या मनातले भाव त्याच्यावर चिकटवतो. आजारी जनावराला दिवसभर या हातातून त्या हातात फिरवलं तर ते खाणं सोडतं आणि खाल्लेलं असेल तर ओकून टाकतं.

कुठल्याही केंद्रात गेलीस तर एक गोष्ट विचारायची : आत्ता तुमच्याकडे किती जनावरं आहेत आणि गेल्या वर्षीची किती? जो अभिमानाने मोठा आकडा सांगेल त्याच्यापासून जरा जपून. बरं करून सोडणं हे ज्याचं काम, त्याच्या पेट्या रिकाम्या दिसायला हव्यात. आमच्या दारातच फळा आहे. आलेले, सोडलेले, दगावलेले आणि उपचार चालू असलेले असे चार रकाने. शेवटच्या रकान्यात शून्य आलं की त्या दिवशी चहाबरोबर भजी असतात. भजी फार क्वचित होतात, हे वेगळं.

मग मुलांना दाखवणार काय, असं तुला वाटत असेल. भरपूर आहे. पहिल्या टेबलावर कात. तिला हात लावायला मोकळीक आहे, मुलं तिथेच अर्धा तास काढतात. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर काचेसारखा पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघून येतो. कात उजेडात धरली की डोळ्यांच्या जागी दोन गोल खिडक्या दिसतात. पोटाकडचे खवले रुंद आणि आडवे, पाठीकडचे बारीक. कात सापापेक्षा लांब का भरते, हे मी लगेच सांगत नाही, मुलांना ओढून बघायला लावते.

दुसऱ्या टेबलावर धामणीचा सांगाडा. माणसाच्या पाठीच्या कण्यात ३३ मणके, सापाच्या कण्यात जातीप्रमाणे दोनशे ते चारशे, आणि शेपूट सोडलं तर जवळजवळ प्रत्येकाला बरगड्यांची जोडी. मुलं मोजायला बसतात, मध्ये कुठेतरी चुकतात, भांडतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. माझा चहा तेवढ्यात होतो.

तिसरं टेबल माझं लाडकं. तिथे जोड्या आहेत : विषारी साप आणि त्याच्यासारखा दिसणारा बिनविषारी, दोघांच्या प्रतिकृती शेजारी शेजारी. मण्यार आणि कवड्या. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्याजवळ नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होत जातात आणि बऱ्याचदा जोडीजोडीने येतात. कवड्याचं उलट, मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. नाग आणि धामण. धामणीला फणा नाही, डोळा मोठा आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा, जणू कुणी शिवण घातली आहे. घोणस आणि डुरक्या. घोणशीच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या तीन साखळ्या सरळ ओळीत जातात, डुरक्याच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे आणि शेपूट फारच आखूड. हे पाठ करून घेते ते साप पकडायला नव्हे. घरात काही निघालं तर फोनवर नीट वर्णन करता यावं, एवढ्यासाठी.

भिंतीवर छोटा पडदा आहे, त्यावर मागच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं. बहुतेक वेळ काहीच हालत नाही. साप तासन्‌तास काहीही करत नाहीत आणि मुलांना ते कळलेलं बरं. पडद्याखाली सध्याच्या पेशंटची कार्डं. या आठवड्यात एक धामण आहे, द्राक्षबागेवर पाखरांसाठी पसरलेल्या नायलॉनच्या जाळीत अडकलेली. सुटायला जितकी धडपडली तितका दोरा अंगात रुतला. एक नाग, पाचट पेटवल्यावर भाजलेला. एक तस्कर जातीचा साप, उंदरांच्या चिकटपट्टीला चिकटलेला. त्याला ओढून काढायचं नसतं, खवल्यांसकट कातडी निघते. खोबरेल लावत लावत, बोटाएवढा भाग सोडवत जायचं. सापाची जखम आपल्यासारखी आठवड्यात भरत नाही. थंडीत तर फारच रेंगाळते. तुझ्या मुलाला विचार : या तिघांतल्या कुणाला सापाच्या स्वभावामुळे इजा झाली? तो बरोबर उत्तर देईल.

धाकटीबद्दल. तिला "घाबरू नकोस" म्हणू नकोस. दारात उभी राहते म्हणाली तर दारात उभी राहू दे. मुलांची भीती मला फारशी दिसत नाही, दिसते ती आयांची. बाबा लोक फोटो काढण्याच्या निमित्ताने मागे सरकतात, तेवढाच फरक. तू किंचाळली नाहीस तर ती किंचाळणार नाही. पाचव्या वर्षी तिला एवढंच पक्कं व्हायला हवं : साप दिसला की हात नाही लावायचा, मागे मागे यायचं, मोठ्यांना हाक मारायची.

तिकीट नाही, दारात डबा आहे. सकाळी दहाच्या आत या. पत्र्यावर पाचट टाकलंय, पण अकरानंतर बेदाणा शेड शेवटी बेदाणा शेडच. एका वेळी पंधरापेक्षा जास्त माणसं घेत नाही. खाऊ आत नको, मुंग्या येतात आणि हलता न येणाऱ्या जनावराला मुंग्या लागल्या की त्याचे हाल होतात. जाताना साबणाने हात धुवायचे. हे मुलांना सांगावं लागत नाही, मोठ्यांना सांगावं लागतं.

प्रश्न : राम राम मॅडम. ओढ्याकडेला माझा दोन एकर ऊस आहे. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधावर घोणशीची पिल्लं एकामागून एक निघाली. गावात सगळे म्हणतात, सर्पमित्र शहरातले साप पोत्यात भरून आणतात आणि आमच्या रानात सोडतात. तुमचं केंद्रही सोडतं का? आम्ही काय माणसं नाही का? (वाळवा तालुका)

राम राम. पिल्लांचं आधी सांगते, कारण त्यात गावाचा निम्मा संशय फिटेल. नाग, धामण अंडी घालतात. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त, आणि साधारण मे ते जुलै या काळात. एक मादी तुमच्या बांधाच्या बिळात व्याली की चार दिवसांत सगळीकडे पिल्लं दिसणार आणि कुणीतरी पोतं रिकामं करून गेल्यासारखंच वाटणार. ती जगतात किती, तर फार थोडी. मुंगूस, मोर, बगळे, दुसरे साप, सगळे त्यांच्यावर टपलेले असतात.

पण म्हणून असं कुणी करतच नाही, असं मी म्हणणार नाही. करतात. दिवसभर फोन घेऊन साप पकडायचे आणि संध्याकाळी गावाबाहेर जिथे जागा दिसेल तिथे बरण्या उलट्या करायच्या, असे लोक मी पाहिलेत. त्यांना सर्पमित्र म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शेतकऱ्याला तर त्याचा धोका आहेच, सापालाही आहे. अनोळखी जागेत त्याला बीळ माहीत नसतं, पाणी माहीत नसतं. तो भटकत राहतो, रस्त्यावर चिरडतो नाहीतर कुणाच्या घरात शिरतो. म्हणून साप जिथे सापडला त्याच्या आसपासच, वस्ती टाळून सोडायचा आणि वन विभागाकडे त्याची नोंद करायची, ही रीत. आमच्या प्रत्येक पेशंटच्या कार्डावर सापडल्याचं ठिकाण असतं आणि तो बरा झाला की त्याच शिवाराकडे जातो. वाळव्याचा साप वाळव्याला, जतचा जतला. तुमच्या रानात कुणी बरणी घेऊन दिसला तर अडवा आणि विचारा : हा कुठला, नोंद कुठे आहे? उत्तर देता आलं नाही तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. तो फुकट आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न मला टोचला. सर्पदंशाने आपल्या देशात वर्षाला सुमारे ५८,००० माणसं मरतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. शहरात बसून "साप शेतकऱ्याचा मित्र" म्हणणं सोपं आहे, रात्री दोनला लाईट आली म्हणून अंधारात उसाला पाणी द्यायला, दारं मोडायला जाणाऱ्याला ते कुणी ऐकवू नये. ऊस म्हटलं की उंदीर आला, उंदीर आला की घोणस आली. तिला कुणी आणून सोडायची गरज नाही. रात्री पाणी द्यायला जाताना गमबूट घाला. नुसती चप्पल नको, कारण चावा बहुतेक वेळा घोट्याच्या आसपासच बसतो. मोबाईलचा उजेड पुरत नाही, चांगली बॅटरी ठेवा. पाचटात हात घालण्याआधी काठीने हलवा. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते. तो ऐकू आला तर आहात तिथे थांबा, कुठून येतो ते बघा आणि मग मागे व्हा. ऊसतोड कामगार खोपीत जमिनीवर झोपतात, त्यांना निदान मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायला सांगा. रात्रीची मण्यार अंथरुणात शिरते. ती चावलेली कळतसुद्धा नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात.

चावलाच तर बांगडी, अंगठी, करदोडा काढायचा. हात-पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही. घट्ट आवळायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, देवळात न्यायचं नाही. १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना. प्रतिविष तिथे फुकट मिळतं. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, कारण आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे. डॉक्टर लक्षणं बघून देतात.

प्रश्न : बाई, माझं वय पंचाहत्तर. माहेर बत्तीस शिराळ्याकडचं. लहानपणी पंचमीला घरोघरी जिवंत नाग यायचे, आम्ही ओवाळायचो. आता नातू म्हणतो ते सगळं चुकीचं होतं. पंचमीला तुमच्या केंद्रात येऊन नागाला लांबून दूध-लाह्या दाखवल्या तर चालेल का? (इस्लामपूर)

काकू, नातवाला माझं नाव सांगा आणि म्हणावं, आजीच्या भक्तिभावाला चुकीचं म्हणायची घाई करू नये. आदल्या दिवशी भावासाठी उपास धरायचा, पंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, रान नांगरायचं नाही, पुरणाची दिंडं उकडायची, फेर धरायचा. ज्या जनावराची सगळ्यात जास्त भीती त्याच्या नावाने एक दिवस नांगर थांबवायचा, हे ज्यांना सुचलं ती माणसं अडाणी नव्हती.

बिघडलं ते पुढे. शिराळ्यात नाग पंचमीच्या कितीतरी दिवस आधी पकडले जायचे, मडक्यात ठेवले जायचे, मिरवणुकीत ढोल आणि गर्दीपुढे उभे केले जायचे. पंचमी झाली की सोडायचे, हे खरं, आणि शिराळकर हे आवर्जून सांगतात. पण तोवर त्यातल्या कितींचे हाल झालेले असत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते थांबलं. दारोदार फिरणाऱ्या काही गारुड्यांचं तर याहून वाईट. दात उपटलेले, कुठे तोंडही शिवलेलं. उपाशी-तहानेला ठेवलेला नाग पुढे येईल ते द्रव पितो. आपल्याला वाटायचं, देव दूध प्याला. सापाला दूध पचत नाही, आणि घशाखाली जबरदस्तीने गेलं तर फुप्फुसात उतरतं. पंचमीनंतर आमच्यासारख्या ठिकाणी असे नाग यायचे, त्यातले वाचायचे कमी.

केंद्र पंचमीला बंद असतं. मुद्दामच. पण तुम्ही आदल्या दिवशी या, एकट्या या किंवा नातवाला घेऊन. नाग पडद्यावर दिसेल. दुधाचा तांब्या घरीच असू द्या. लाह्या मात्र आणा, आम्ही सगळे खातो. आणि मुलींना फेराची गाणी शिकवणार असाल तर पुढची खोली त्या दिवसापुरती तुमची. पाटावर मातीचा नाग मांडू.

प्रश्न : सुनेने वास्तूसाठी काचेच्या भांड्यात कासव आणलं होतं. तेव्हा रुपयाएवढं होतं, आता बशीएवढं झालंय. डोळ्यामागे लाल पट्टा आहे. सून आता कंटाळली. पुण्याचं काम म्हणून हरिपूरच्या संगमावर सोडावं की तुमच्याकडे आणून द्यावं? (मिरज)

संगमावर अजिबात नको, काका. लाल पट्ट्यावरून ते अमेरिकेतलं कासव दिसतं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. ॲक्वेरियमच्या दुकानांतून जगभर पसरलं आणि जिथे लोकांनी कंटाळून सोडलं तिथे तळी बळकावून बसलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या शंभरांच्या यादीत त्याचं नाव आहे. कृष्णेत आपली स्वतःची कासवं आहेत. त्यातलं लीथचं मऊ पाठीचं कासव तर जगातूनच नाहीसं व्हायच्या बेताला आलंय. त्याच्या वाट्याच्या पाण्यात हा पाहुणा नको.

आम्हीही घेऊ शकत नाही. परक्या जनावराबरोबर परके रोग येतात आणि आमच्याकडे आधीच आजारी पेशंट. तेव्हा वाईट वाटलं तरी सांगते, ते तुमच्या घरचंच. वीस-तीस वर्षं जगेल. काचेचं भांडं काढा, मोठा टब घ्या, त्यात चढून बसायला कोरडा दगड ठेवा आणि रोज कोवळ्या उन्हात काढा, अर्धी बाजू सावलीत ठेवून. ऊन आणि कॅल्शियम नसेल तर पाठ मऊ पडते. नुसत्या भातावर किंवा बाजारच्या सुक्या कोळंबीवर ठेवू नका, पाणवनस्पती आणि हिरवा पाला द्या. पाणी बदललं की हात साबणाने धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. सुनेला म्हणावं, वास्तूला आता बळ आलंय, बशीचं ताट होईल.

एक मात्र तपासा. कासवाच्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतील आणि ते पाण्यात न राहता जमिनीवर राहत असेल, तर गोष्ट निराळी. ते तारांकित कासव, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. त्याच दिवशी १९२६ ला फोन करून वन विभागाच्या ताब्यात द्या.

प्रश्न : भिलवडीच्या घाटाजवळ मगर दिसते. ती पकडून तुमच्या केंद्रात का नेत नाहीत?

कारण ती जखमी नाही आणि कृष्णा तिचं घर आहे. एक हलवली तर ती जागा दुसरी घेते. थंडीत ती ऊन खायला काठावर येते. फेब्रुवारी ते एप्रिल हा अंडी घालायचा काळ, तेव्हा मादी घरट्याजवळ कुणाला फिरकू देत नाही. धुणं, म्हशी, पोहणं यांसाठी रोज तीच जागा, तीच वेळ ठेवू नका, आणि मासळीची घाण घाटावर टाकू नका.

प्रश्न : पाल आमटीत पडली तर विषबाधा होते का?

पाल विषारी नसते. पण आमटी टाकून द्या.

प्रश्न : मॅम, मी अकरावी सायन्सला आहे, जतला राहतो. मला सर्पमित्र व्हायचं आहे. आत्तापर्यंत दोन धामणी आणि एक विरोळा पकडला आहे, व्हिडिओ पण आहेत. घरी माहीत नाही. केंद्रात शिकायला येऊ का?

ये. पण आधी घरी सांग. आई किंवा वडिलांची सही असलेलं पत्र आणल्याशिवाय फाटक उघडणार नाही.

व्हिडिओ काढून टाक. एक तर परवानगीशिवाय साप पकडणं गुन्हा आहे आणि तू पुरावा स्वतःच जपून ठेवला आहेस. दुसरं म्हणजे साप पकडताना दगावलेल्या माणसांची नावं मी जेव्हा आठवते, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात शेवटी हुक नव्हता, मोबाईल होता. किंवा समोर टाळ्या वाजवणारी गर्दी होती. दोन धामणींनी तुला काही केलं नाही, कारण धामणीत विषच नसतं. तुमच्याकडे माळावर दगडाखाली फुरसं असू शकतं, वीतभर दिसतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उसळतं. त्याला धामणीचा अनुभव चालत नाही.

अठरा पूर्ण होईपर्यंत आमच्याकडे हुक मिळणार नाही. त्याआधी करण्यासारखं खूप आहे. पेट्या साफ करणं, पाण्याची भांडी उकळत्या पाण्याने धुणं, कोणी खाल्लं आणि कोणी नाही ते वहीत लिहिणं, वजन मांडणं, तापमान नोंदवणं. फोन घेणं हे तर सगळ्यात अवघड काम. घाबरलेली बाई पलीकडून ओरडत असते आणि तिला शांत करून, जनावर कुठे आहे, केवढं आहे, पट्टे आहेत की ठिपके, हे काढून घ्यायचं. निम्म्या वेळा साप पकडायला जावंच लागत नाही. तो अंगणातला असतो, वाट मोकळी ठेवली की आपला आपण जातो. ज्याला हे फोनवर जमतं त्यालाच मी पुढे पाठवते.

जतहून पहिली एसटी धरलीस तर रविवारी दहापर्यंत पोचशील. येताना जुनी वर्तमानपत्रं आण, पेट्यांत अंथरायला रोज लागतात. चकचकीत कागदाच्या पुरवण्या नकोत, त्या पाणी शोषत नाहीत.